तेल आणि द्राक्षारस

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. मिस्सेसाठी जमलेले कित्येक भाविक चर्चमध्येच गाडले गेले. १७५९ साली व्होल्तेरने ‘काँदीद’ या उपहासकथेत आपली पात्रे तेथेच नेली. जखमी काँदीद तेल व द्राक्षारस मागतो; गुरू पांग्लोस मात्र भूकंपाची कारणमीमांसा करीत राहतो. असा माणूस असतो काय, अशी शंका येते. परंतु या प्रसंगास हेच पात्र शोभते. दुःखाला प्रवचन पुरत नाही, हे त्याच्याचमुळे कळते. १७६२ साली रोमने हे पुस्तक निषिद्ध ठरविले. तरीही दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारसच ओतला होता, याचे स्मरण आम्हां धर्मगुरूंना ते पान करून देते. शोकाकुल घरात शिरताना आम्ही आपल्यातला पांग्लोस उंबरठ्याबाहेरच ठेवावा.