करी, स्कीम आणि केंट रिज



मागे एका प्रोजेक्टवर दोन रिपोर्टांत एकाच डेटाचं प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, वेगवेगळं येत होतं. दिवसभर डोकं खाजवल्यावर कळलं की एकच सूत्र चार ठिकाणी कॉपी-पेस्ट झालंय. तीन ठिकाणी भागाकार एकूण संख्येने, चौथ्या ठिकाणी एकने कमी संख्येने.

उदाहरण घ्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५, फरकांच्या वर्गांची बेरीज ३२. हे आकडे म्हणजेच अख्खा गट असेल तर ८ ने भागायचं, विचलन २. मोठ्या गटातला नुसता नमुना असेल तर ७ ने, विचलन साधारण २.१४. दोन्ही बरोबर! चूक एवढीच की ही निवड कोडच्या पोटात दडलेली होती.

यावर उपाय म्हणजे करिंग. विचलन(०) म्हटलं की अख्ख्या गटाचं फंक्शन हातात येतं, विचलन(१) म्हटलं की नमुन्याचं. आकडे नंतर द्यायचे. निवड एकदाच आणि उघड. शिवाय तयार झालेलं फंक्शन एकच गोष्ट मागतं, त्यामुळे ते दुसऱ्या फंक्शनला आगगाडीच्या डब्यासारखं जोडता येतं.

नाव ऐकून आपल्याला आमटीच आठवणार, पण ते आलं अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून. खरं तर कल्पना त्यांच्याआधी मोझेस शॉनफिंकेल यांनी मांडली होती. १९२० साली गटिंगेनला व्याख्यान, १९२४ साली निबंध. करींनी स्वतः त्यांना श्रेय दिलं, तरी नाव चिकटलं ते करींचंच! पुढे शॉनफिंकेल आजारपणात आणि हलाखीत मॉस्कोत वारले.

१९७५ मध्ये एमआयटीत ससमन आणि स्टील यांनी स्कीम ही भाषा केली. तिच्यात फंक्शन हे आकड्यासारखंच देता-घेता येतं. पुढे ससमन आणि एबलसन यांचं स्कीममधलं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक आलं. १९९५ साली ब्रेंडन आइक नेटस्केपमध्ये गेले ते ब्राउझरमध्ये स्कीम घालायला. पण वरून हुकूम आला, भाषा जावासारखी दिसली पाहिजे. दहा दिवसांत पहिला आराखडा तयार झाला. कपडे जावाचे, पण फंक्शनं स्कीमच्या वळणाची. आम्ही मात्र कित्येक वर्षं जावास्क्रिप्टला फॉर्म तपासायची भाषा म्हणून नाकं मुरडत होतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. केंट रिजवरच्या एनयूएसमध्ये ‘सीएस ११०१ एस’ हा पहिल्या वर्षाचा कोर्स आधी स्कीममध्ये शिकवत. तिथल्या मार्टिन हेन्झ यांनी स्वीडनच्या टोबियास रिगस्टाड यांच्याबरोबर ते पाठ्यपुस्तक जावास्क्रिप्टमध्ये आणलं. २०२२ साली एमआयटी प्रेसने ते छापलं, मूळ लेखकांची नावं कायम ठेवून. म्हणजे स्कीमचा जो आत्मा आइकनी चोरवाटेने आत नेला, तो सिंगापुरात पुढच्या दाराने वर्गात आला.

आमच्या इंजिनिअरिंगला फंक्शन म्हणजे ‘वारंवार लागणारा कोड’ एवढंच शिकवलं होतं. ते अर्धवट भरून पुढे देता येतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तो एक दिवस वाचला असता. तुमची मुलं कोडिंग शिकत असतील तर त्यांना प्रमाण विचलन असं तुकड्यातुकड्यांनी बांधून दाखवा.

चू.भू.द्या.घ्या.