लष्करी बूट: माप, नाडी आणि पायाची काळजी

सैन्याच्या प्रशिक्षणाला निघालेली मुले, एनसीसीचे कॅडेट आणि बारा-बारा तास गेटवर उभे राहणारे सुरक्षारक्षक या तिघांच्या पायात सारखेच घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे बूट असतात. तिघांची तक्रारही बहुधा एकच असते: "डॉक्टर, बूट चावतो." बऱ्याचदा दोष बुटाचा नसतो, मापाचा असतो.

माप कसे घ्यावे?

संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. बुटात जे जाड मोजे घालणार तेच घालून, दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरा. सर्वांत लांब बोटापुढे (काहींचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आतला सोल सुटा असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. चवडा बाहेर डोकावत असेल तर तो बूट अरुंद आहे. "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचे बोलणे अर्धेच खरे. कातडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला नाही. शेवटी जिना उतरून पाहा. बोटे पुढे आदळली तर एक नंबर मोठा घ्या.

एजन्सीकडून मिळालेला बूट घट्ट असेल तर बदलून मागा. संकोच करू नका.

नवा बूट रुळवताना

पहिले दोन आठवडे घरात, रोज तासभर. बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवण्याची जुनी युक्ती मी कुणाला सांगत नाही, कारण ओल्या त्वचेला घर्षण जास्त होते आणि फोड लवकर येतात. सुती मोजा घाम धरून ठेवतो, लोकरी किंवा सिंथेटिक बरा. टाच आत वरखाली होत असेल तर वरच्या दोन छिद्रांतून नाडीचा फास करून टाच मागे बसवा. पायाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर त्या जागेवरची एक आडवी नाडी वगळा. घोट्यावर मात्र करकचून बांधू नका.

पालक मुलाला घेऊन येतात आणि सपाट तळव्यासाठी इनसोल मागतात. इनसोलने आराम मिळू शकतो, पण मोठ्या माणसाच्या तळव्याला त्याने कमान येत नाही. अमेरिकी सैन्यातील नव्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार पळण्याचे बूट देऊन पाहिले गेले, पण त्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. पायाला सोयीचा वाटतो तो बूट घ्या.

एका जागी दुखणारे हाड

चवड्यात किंवा नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखते, चालताना वाढते, विश्रांतीने कमी होते? हे हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टराने 1855 मध्ये सैनिकांच्या पायांत असे दुखणे नोंदवले होते, आणि आजही याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. सराव एकदम वाढवणे हे त्याचे मोठे कारण, म्हणून चांगला बूटही त्यापासून पूर्ण संरक्षण देत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तेवढ्यावर समाधान मानून, वेदनाशामक गोळी घेऊन धावलात तर तडा वाढतो आणि प्रशिक्षणाचे काही आठवडे नव्हे, काही महिने जातात.

मधुमेह असेल तर

एक निवृत्त जवान, आता सुरक्षारक्षक, माझ्याकडे पायाला वास येतो म्हणून आले. बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. मोजा जखमेला चिकटेपर्यंत त्यांना काहीच जाणवले नव्हते. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे "घट्ट वाटत नाही" या भरवशावर बूट घेऊ नका, माप मोजूनच घ्या. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवा, रात्री तळवे पाहा, दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगा. फोड स्वतः फोडू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या तंतूने होणारी ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते.

जखम काळी पडली, लाली वर चढू लागली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात या, आणि तोवर तो बूट घालू नका.