हातगुण ते हमीपत्र : एकोणिसाव्या शतकातील गुप्त औषधे आणि विश्वासाची भाषा

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास सामान्यतः निबंध, कादंबरी, भाषांतर आणि वृत्तपत्रीय अग्रलेख यांच्या आधारे लिहिला जातो. त्याच वृत्तपत्रांच्या जाहिरातींच्या पानांकडे मात्र वाङ्मयेतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः अनोळखी वाचकाला थेट उद्देशून बोलणारे, त्याच्या शरीराविषयी व भीतीविषयी बोलणारे गद्य याच पानांवर विपुल प्रमाणात लिहिले गेले आणि त्यात औषधांच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. या गद्याकडे केवळ भाबड्या ग्राहकांच्या फसवणुकीचे साधन म्हणून पाहिल्यास मूळ प्रश्न निसटतो. न पाहिलेल्या माणसाने, न सांगितलेल्या घटकांपासून तयार केलेली बाटली विकत घेण्याइतका विश्वास वाचकाने छापील शब्दावर का ठेवला, हा तो प्रश्न आहे. त्याचा विचार एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या संदर्भातच नेमकेपणाने होऊ शकतो. येथे त्यासाठी वसई-विरारचा परिसर निवडला आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेला हा परिसर एका बाजूने तुंगारेश्वरच्या रानाला आणि दुसऱ्या बाजूने मुंबईच्या बाजारपेठेला जोडलेला आहे.

या परिसरात आजारपणाचा उल्लेख असलेला एक अतिप्राचीन लेख सापडला आहे, ही गोष्ट सूचक आहे. सोपाऱ्यास १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये हाती आला. आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ अल्प असते, असे नववा लेख सांगतो आणि त्यांच्या जागी धम्माचरण सुचवतो. म्हणजे रोग्याच्या विश्वासाला एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी नेऊ पाहणारी संहिता या भूमीला नवीन नव्हती. नवीन होता तो व्यापार.

व्यापारपूर्व व्यवस्थेत औषध हे देणाऱ्यापासून वेगळे काढता येत नसे. झाडपाल्याच्या औषधाविषयीचे मराठी शब्दच याची साक्ष देतात. औषधाला ‘गुण येतो’, पण तो औषधाइतकाच देणाऱ्याच्या हाताला असतो, म्हणून ‘हातगुण’. मुळी ठरावीक वेळी उपटावी, औषधाचे पैसे घेऊ नयेत आणि ते कोणाला सांगू नये, सांगितल्यास त्याचा गुण जातो, अशी लोकधारणा कोकणात व अन्यत्रही आढळते. या व्यवस्थेत गुप्तता होती, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. आधुनिकपूर्व वैद्यक उघडे आणि व्यापारी वैद्यक झाकलेले, अशी सोपी मांडणी टिकत नाही. मात्र येथे वनस्पती गुप्त असली तरी माणूस उघड होता. औषध लागू पडले नाही तर कोणाच्या दारात जायचे, हे रोग्याला ठाऊक असे.

याच किनाऱ्यावर पोर्तुगीज राजवटीत ज्ञानाचा आणखी एक प्रकार रुजू पाहत होता. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात या देशातील औषधी द्रव्यांची चर्चा संवादरूपाने येते. त्यात वसईच्या परिसराचे उल्लेख आहेत आणि मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही आहे. शंका, प्रतिप्रश्न आणि मतभेद यांना संवादाच्या रूपातच जागा असल्याने द्रव्याचे नाव, उगम व उपयोग तेथे वादाचे विषय होतात. पुढे आलेल्या जाहिरातीने नेमकी ही जागा बुजवली.

हे स्थित्यंतर घडवून आणणाऱ्या यंत्रणा दोन होत्या. १८६४ च्या अखेरीस लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि एप्रिल १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. पाठोपाठ टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही.पी. पद्धत आणली आणि १८८० मध्ये मनीऑर्डर. दुकानदाराचे तोंड न पाहता वस्तू मागवणे आणि ती हाती पडल्यावर पोस्टमनजवळ पैसे देणे आता शक्य झाले. औषध आणि देणारा यांची फारकत प्रथम या व्यवहारात झाली. भाषेला त्यानंतर ती भरून काढावी लागली.

ती कशी भरून काढावी, याचे नमुने इंग्लंडातून तयार होऊन आले होते. टॉमस हॉलोवे याने १८३७ मध्ये मलम आणि त्यानंतर गोळ्या बाजारात आणल्या. त्याच्या अखेरच्या काळात जाहिरातींवरचा वार्षिक खर्च पन्नास हजार पौंडांच्या घरात गेला होता. हिंदुस्थानातील देशी भाषांसह अनेक भाषांत त्याची माहितीपत्रके निघत. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण प्रसिद्ध केले, तेव्हा या जगप्रसिद्ध गोळीत मुख्यतः कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण आढळला. पहिली द्रव्ये, म्हणजे काळा बोळ आणि सुंठ, कोकणातील कोणत्याही बाळंतिणीच्या घरात होतीच. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या वस्तूत नवे असे जे होते ते गोळीत नव्हते, तिच्या वेष्टनावर होते.

डॉ. कॉलिस ब्राउन यांच्या क्लोरोडाइनची गोष्ट याहून गंभीर आहे. हिंदुस्थानातील लष्करी सेवेशी संबंध सांगणारे हे औषध १८५६ पासून विकले जाऊ लागले. पटकी, हगवण, खोकला अशा भिन्न व्याधींवर ते एकच उपाय म्हणून दिले जाई. त्यात अफूचा अंश, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क असे. १८६४ मध्ये त्याच्या नावाबाबत इंग्लंडात खटला झाला आणि न्यायाधीशाचे उद्गार पुढे जाहिरातीचा कायमचा भाग बनले. ब्रिटनमध्ये औषधावर लावावा लागणारा कराचा सरकारी शिक्काही विक्रेत्यांनी अस्सलपणाची खूण म्हणून मिरवला. वास्तविक न्यायालयाने नावाच्या हक्काचा विचार केला होता, सरकारने महसुलाचा. रोग बरा होतो असे दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते. जाहिरातीच्या संहितेने मात्र या दोन्ही अधिकारवाणी आपल्या संकेतव्यूहात ओढून घेतल्या. हातगुणाची जागा हमीपत्राने घेतली ती अशी.

या दोन जगांच्या मधोमध डॉ. भाऊ दाजी लाड उभे दिसतात. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ मधील पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. सोपाऱ्याचे उत्खनन करणारे भगवानलाल इंद्रजी प्राच्यविद्येच्या संशोधनात दीर्घकाळ त्यांचेच सहकारी होते. शिलालेखांचे वाचन विद्वत्सभेपुढे मांडणाऱ्या या पंडिताने महारोगावरील आपला वनस्पतिज उपाय मात्र हयातीत पूर्णपणे जाहीर केला नाही आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. हा उपाय कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा होता, असे पुढे मानले गेले. याच कुळातील चालमोगऱ्याच्या तेलाविषयी कलकत्त्यात फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्येच लेख प्रसिद्ध केला होता आणि विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत हे तेल महारोगावर वापरले जात होते. म्हणजे भाऊ दाजींचा मार्ग निराधार नव्हता. तरीही त्यांचे मौन हातगुणाच्या परंपरेतले की नव्या काळातील शोधकाच्या हक्काचे, हे ठरवणे अवघड आहे. एकाच व्यक्तीत प्रकाशनाची आणि गोपनाची नीती एकत्र नांदत होती. एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाचे सरळ रेषेत चित्र काढणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटावा.

देशी औषधनिर्मितीनेही दोन वाटा धरल्या. पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा कारखाना काढला. शास्त्रोक्त पाठ आणि कारखानदारी यांचा तेथे मेळ होता. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी १८९३ मध्ये मुंबईत ‘अमृतांजन’ सुरू केले आणि काही वर्षांनी मुंबईतूनच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले. औषध आणि वृत्तपत्र एकाच हातात आल्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागत नाही. याउलट शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांनी ‘आर्यभिषक्’सारख्या लेखनातून वनस्पतींचे गुण व उपयोग सर्वांना वाचता येतील अशा मराठीत मांडले. गुपित सांगितल्याने गुण जातो या धारणेला छापखान्याने दिलेले हे खरे उत्तर होते.

भाषेवर उमटलेला या व्यवहाराचा ठसा आजही पुसलेला नाही. ‘रामबाण’ हा महाकाव्याच्या स्मृतीतून आलेला शब्द बाटलीवर चिकटवला गेला. ‘पेटंट’ या शब्दाचा मराठीतील प्रवास तर विशेष उद्बोधक आहे. कायद्याच्या अर्थाने पेटंट घ्यायचे तर शोधाचा तपशील उघड करावा लागतो. बहुतेक ‘पेटंट औषधां’नी तसे पेटंट घेतलेच नव्हते, कारण गुपित हेच त्यांचे भांडवल होते. मराठीत मात्र ‘पेटंट उत्तर’, ‘पेटंट विनोद’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्येक प्रसंगी तेच ते वापरले जाणारे, असा अर्थ अभिप्रेत असतो. सर्व रोगांवर एकच औषध या दाव्याविषयीचा लोकभाषेचा अभिप्राय त्यात नकळत नोंदला गेला आहे. वाचक सर्वस्वी भाबडा नव्हता, याचा हा भाषिक पुरावा मानता येईल.

परंतु या उपरोधाचा लाभ सर्वांना मिळाला नाही. रडणाऱ्या मुलाला अफूमिश्रित बाळगोळी देऊन कामावर जाणाऱ्या आईपुढे जाहिरातीचे रसग्रहण करण्याचा अवकाश नव्हता. अशा वापराची साक्ष १८९३ ते १८९५ या काळातील अफू आयोगापुढेही आली. १९४० च्या औषध कायद्याने आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने दाव्यांना मर्यादा घातल्या, त्या या दीर्घ अनुभवानंतर. कायदा दाव्याची तपासणी करतो. पण ज्या विश्वासावर दावा उभा राहतो त्याची घडण समजून घेणे हे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी जुन्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांइतकेच त्यांच्या जाहिरातींच्या पानांचेही वाचन झाले पाहिजे. ग्रंथालयांत ही वृत्तपत्रे बांधून घेताना जाहिरातींची पाने निरुपयोगी म्हणून वगळली जाणार नाहीत, एवढी दक्षता तरी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे.