धाव, डनलॉप आणि सोळाचा आकडा



मागच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. यंदा त्यानं जुनी पिकअप घेतली आहे, कापूस वाहायला. म्हणाला, "काका, मोठे टायर टाकू म्हणतो. रिम तीच ठेवतो. गाडी उंच होते, चिखलात फसत नाही अन् दिसतेही भारी."

मी म्हटलं, "रविवारी येतो, तोवर थांब." फोन ठेवला आणि बाबांची जीप डोळ्यासमोर उभी राहिली. त्या जीपबद्दल आमच्या घरात कोणी फारसं बोलत नाही. आज लिहितोच. पण त्यासाठी आधी बंडीपर्यंत मागे जावं लागेल.

आमचं गाव बेला मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण आंध्रात राहिलो आणि 2014 पासून तेलंगणात आहोत. सरकारं बदलली, पाट्यांवरची लिपी बदलली, माती मात्र तीच. काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात अशी चिकट की चपलेला शेर-शेर चिखल लागतो. इथं चाक कसं असावं हे आधी माती ठरवते, माणूस नंतर.

आजोबांच्या काळी लाकडी चाकाची बंडी होती. (तेलुगूतही बंडीच म्हणतात, त्यामुळे या शब्दावरून कधी भांडण झालं नाही.) सुतार चाक करायचा: मधे तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे. त्यावर लोखंडाची पट्टी चढवायची, तिला धाव म्हणत. धाव चढवणं लोहाराचं काम, आणि ते बघायला अख्खं गाव जमायचं. लोहार आधी दोरीनं चाकाचा घेर मोजायचा. पट्टी मात्र त्या मापापेक्षा थोडी कमी कापायचा. टोकं जोडून कडं करायचा, ते गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा. तापलं की लोखंड वाढतं. मग तिघं-चौघं सांडशीनं उचलून ते चाकावर बसवायचे, घणाचे ठोके, आणि लगेच घागरी-घागरीनं पाणी. वाफेत सांधे करकरायचे. लोखंड आकसून चाकाला असं आवळायचं की आरा न् आरा जागच्या जागी.

धाव किती कमी कापायची यातच सगळी विद्या. फार कमी कापली तर चाक आवळून आरे मोडायचे. सैल राहिली तर वैशाखात लाकूड सुकलं की धाव निघून रस्त्यावर पडायची. म्हणून उन्हाळ्यात लोक चाकं काढून नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. आजोबा म्हणायचे, "धाव चाकाच्या मापाची पायजे, मालकाच्या हौसेची नाही."

मग आली डनलॉप. आपल्याकडे रबरी टायरच्या बंडीला डनलॉपच म्हणायचे, टायर कुठल्याही कंपनीचा असो. या नावामागची गंमत मला फार उशिरा कळली. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्यानं हवेचा टायर केला आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या नावाच्या कंपनीनं 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला. म्हणजे गुरांच्या डॉक्टरची युक्ती सायकली-मोटारी फिरून शेवटी आपल्या बैलांपर्यंत पोहोचली!

बैलांना आराम झाला खरा. लोखंडी धाव ओल्या रस्त्यात सुरीसारखी रुतायची, रबर पसरून चालायचं. त्याच जोडीनं जास्त माल निघू लागला. पण बाभळीचा काटा लागला की बंडी पंक्चर, ही नवीच भानगड. आणि उतारावर ती इतकी सुसाट सुटायची की सगळा भार बैलांच्या मानेवर. चढावर उपकार, उतारावर जुलूम. आमच्या गावानं तेव्हा पहिला धडा घेतला: चाक बदललं की नुसतं चाक बदलत नाही, बैलाची मान, ब्रेक, वजन, सगळ्याचा हिशेब बदलतो.

हा धडा बाबा विसरले.

1994 साल. बाबांकडे जुनी जीप होती, मागं हौदा केलेली. तिचे टायर 6.00-16 मापाचे. त्यातला 16 म्हणजे रिमचा व्यास, इंचात. गाडी काळ्या रानात फसायची. कुणीतरी सुचवलं, 407 चे टायर घाल. ते 7.50-16. रिमचा आकडा सोळाचा सोळा. बाबांनी वापरलेले चार आणले, बसवले, आणि ते बसलेही! गाडी साधारण दीड इंच उंच झाली. गावात फेरी मारली. मी चौदा वर्षांचा, पुढं बसलो होतो. राजासारखं वाटलं.

पण आकडा एकच जुळला होता. दुसरा, रिमच्या रुंदीचा, कुणी बघितलाच नाही. त्या जीपची रिम साडेचार इंच रुंद, आणि 7.50 च्या टायरला सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पोट बाहेर येतं. सरळ रस्त्यावर कळत नाही. वळणावर वरची गाडी एकीकडे आणि टायर दुसरीकडे.

नोव्हेंबरात कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केटला निघालो. शेतातून निघावं म्हणून बाबांनी मागच्या टायरांची हवा कमी केली होती, रस्त्यावर आल्यावर भरायची राहिली. हौद्यात माणसाच्या उंचीच्या वर कापूस, आणि त्यावर आमच्या सालदाराचा मुलगा बसलेला. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. नाल्याजवळच्या वळणावर मागचा टायर रिममधून सुटला. जीप आडवी झाली. बाबांना आणि मला खरचटलं. कापूस नाल्यात भिजला. दादाची मांडी मोडली.

बाबांनी बैलजोडी विकून त्याचा इलाज केला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. शेतातलं काम त्याला पुन्हा जमलं नाही. बाबांनी रस्त्याला दोष दिला नाही, टायर सुचवणाऱ्यालाही नाही. एकदाच आईजवळ म्हणाले, "हौस माझी, अन् पाय त्या पोराचा गेला." दोन वर्षांनी त्यांनी फाट्यावर दादाला पंक्चरचं दुकान टाकून दिलं. तेवढ्यानं फिटलं असं बाबांना मरेपर्यंत वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

तर रविवारी मी पुतण्याला घेऊन त्याच दुकानात गेलो. दादानं काही भाषण दिलं नाही. खाली बसला, टायरवरचं वाचू लागला. पिकअपचा टायर 215/75 आर 15. पुतण्याला हवा होता 235/75 आर 15. त्यानं पाटीवर खडूनं हिशेब मांडला: 215 चे 75 टक्के काढून दुप्पट करायचे, त्यात 15 इंचाचे 381 मिलिमीटर मिळवायचे. जुन्याचा व्यास साधारण 703, नव्याचा 733.

"तीन सेंटीमीटरचा फरक. गाडी उंच होईल त्याच्या निम्मी, दीड सेंटीमीटर," दादा म्हणाला. "अन् काटा साठ दाखवील तवा गाडी साडेबासष्टनं पळत राहील. ब्रेकलाही तेवढा जोर जास्त."

मग रिमवर कोरलेली रुंदी बघितली. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, टायर आणि मडगार्डमधे किती बोटं जातात ते मोजलं, आणि म्हणाला की भरल्या गाडीत यातलं एक बोट कमी धर. शेवटी त्यानं भाराचा आकडा दाखवला. जुन्या टायरवर 108 होता, म्हणजे एका टायरवर 1000 किलो. पुतण्यानं मोबाइलवर पसंत केलेल्या मोठ्या टायरवर 105, म्हणजे 925 किलो.

पुतण्या बघतच राहिला. "मोठा टायर, अन् वजन कमी उचलते?"

"दिसाले मोठा आहे बाबू," दादा म्हणाला. "तुले कापूस न्यायचा आहे का फोटो काढायचा आहे?"

ठरलं ते असं: माप तेच, भाराचा आकडा तोच, फक्त खोल नक्षीचे, चिखलाचे टायर. शेतात हवा कमी केली तर डांबरी लागताच भरायची. त्यासाठी छोटा पंप दादानंच गाडीत टाकून दिला. पैसे घेतले नाहीत. निघताना दुकानाच्या दारात उभा राहिला, एका पायावर भार देऊन, तसाच जसा गेली तीस वर्षं उभा राहतो.

गाडीत बसल्यावर पुतण्यानं विचारलं, "काका, त्यांच्या पायाला काय झालं होतं?" घरात कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. गाव येईपर्यंत तो काही बोलला नाही. गाडी मात्र चाळिसाच्या वर नेली नाही.

तुमच्या गावात धाव कोण चढवायचं? पहिली डनलॉप बंडी कुणाच्या दारात आली? आठवत असेल त्यांनी खाली जरूर लिहा. आणि घरात अशी एखादी न सांगितलेली गोष्ट असेल तर पोरांना सांगा, गाडीची किल्ली देण्याआधी.