बर्फाखालून गेलेले देवमासे

जून 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने अलास्कातील इनुपिआट आणि युपिक लोकांच्या (आपली पाठ्यपुस्तके त्यांना सरसकट एस्किमो म्हणत आली) बोहेड देवमाशांच्या शिकारीवर बंदी घातली. 1848 पासून व्यापारी जहाजांनी या देवमाशांची बेसुमार कत्तल केली होती. आता जेमतेम 600 ते 2,000 उरले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. त्यात शिकाऱ्यांकडून जखमी होऊन निसटणाऱ्या देवमाशांची संख्याही वाढत होती. तेव्हा काळजी खोटी नव्हती. पण ज्या गावांत एका देवमाशाचे मांस घरोघरी वाटले जाते आणि गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरांत साठवले जाते, तिथे या बंदीचा अर्थ काय झाला असेल?

शिकारी म्हणाले, तुमची मोजणीच चुकली आहे.

मोजणी कशी होत असे ते पाहू. दर वसंतात बोहेड बेरिंग समुद्रातून निघून पॉइंट बॅरोला वळसा घालून पूर्वेकडे जातात. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ आणि समुद्रातला तरंगता बर्फ यांच्यामध्ये तेव्हा उघड्या पाण्याची वाट तयार होते. तिच्या कडेला उंचवट्यावर बसून निरीक्षक जाणारे देवमासे मोजत. वारा फिरला की ही वाट बुजे आणि मोजणी थांबे. श्वासासाठी देवमाशाला वर यावेच लागते, तेव्हा तोही थांबत असणार, असे गृहीत धरले होते. ऐकताना पटण्यासारखेच आहे.

हॅरी ब्राउअर या अनुभवी शिकाऱ्याचे म्हणणे वेगळे होते. वाट बुजली तरी देवमासे थांबत नाहीत. ते फटींतून श्वास घेतात, डोक्याने बर्फ फोडतात. शिवाय पुष्कळसे वाटेपासून लांब, नजरेपलीकडून जातात. थॉमस अल्बर्ट या शास्त्रज्ञाने हे ऐकून घेतले, आणि आमच्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तपासायला घेतले. शिकाऱ्याचे बोल त्याने श्रद्धेने स्वीकारले नाहीत आणि गप्पा म्हणून सोडूनही दिले नाहीत.

1980 च्या दशकात बर्फाच्या कडेला एका ओळीत हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन, सोडण्यात आले. एकच हाक प्रत्येक हायड्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचते. या फरकावरून देवमासा कुठे आहे ते काढता येते. (आवाजाचा वेग शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.) वाट बुजलेली, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि हायड्रोफोनवर हाका चालूच! काही तर निरीक्षकांच्या नजरेच्या टप्प्याबाहेरून येत होत्या. दशक संपेपर्यंत अंदाज सात हजारांच्या वर गेला. यातली सगळी वाढ मोजणीतली नव्हे. देवमासेही वाढत होते. 2011 च्या गणनेत ते सुमारे 17,000 भरले.

मधल्या काळात शिकाऱ्यांनी 1977 मध्येच आपला आयोग स्थापला होता. त्याच वर्षअखेरीस पूर्ण बंदीऐवजी मर्यादा ठरली: 1978 साठी 12 देवमासे किनाऱ्याला आणावेत किंवा 18 वर वार करावेत. शिकाऱ्यांना ती तुटपुंजी वाटली, तरी पुढे त्यांनी कोटा पाळला आणि गणनेला मदतही केली.

दुसऱ्यांच्या चुका दाखवणे सोपे असते. एका तळ्यावर आम्ही दोन वर्षे सकाळी दहापर्यंत बदके मोजली. ती रात्री पलीकडच्या भातखाचरांत चरायला जातात, हे तिथल्या गुराख्याला ठाऊक होते. आम्ही त्याला विचारले तिसऱ्या वर्षी.

अलास्कात पुढे शिकारी आपल्या देवमाशांचे नमुने शास्त्रज्ञांना देऊ लागले. 2007 मध्ये मारलेल्या एका बोहेडच्या अंगात जुन्या हत्याराचा धातूचा तुकडा रुतलेला सापडला. ते हत्यार 1880 च्या सुमाराचे होते. म्हणजे तो देवमासा शंभरीच्या पुष्कळ पुढे गेलेला होता.