त्या निळ्या मातीची गोष्ट

एखादी वस्तू ‘टाकाऊ’ आहे हे आपण कशावरून ठरवतो? अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेवाडा राज्याचा सुरुवातीचा इतिहास या प्रश्नाशी जोडलेला आहे.

१८५९ साली, हा भाग युटा प्रदेशात मोडत असताना, काही जण इथल्या डोंगरउतारावर माती धुऊन सोनं शोधत होते. एक जड, निळसर काळी माती त्यांच्या कामात सारखी अडथळा आणी. वैतागून ते ती फेकून देत. अखेर तिचा नमुना कॅलिफोर्नियात तपासला गेला. ते चांदीचं अतिशय समृद्ध खनिज निघालं! मग लोकांची रीघ लागली, व्हर्जिनिया सिटी हे शहर उभं राहिलं. १८६१ मध्ये नेवाडा वेगळा प्रदेश झाला आणि १८६४ मध्ये राज्य.

दळलेल्या खनिजात पारा मिसळला की चांदी त्याच्याशी एकजीव होई. हे मिश्रण तापवलं की पाऱ्याची वाफ होऊन चांदी मागे उरे. पण बराच पारा कार्सन नदीत वाहून गेला. तिथल्या गाळात आणि माशांत तो आजही सापडतो.

फेकलेली माती मोलाची निघाली. मोलाचा पारा मात्र विषारी कचरा होऊन राहिला. पहिली चूक एका तपासणीनं सुधारली, दुसरी अजून निस्तरायची आहे. धातूंचा धडा शिकवताना या दोन्ही गोष्टी आपण मुलांपुढे ठेवायला हव्यात.