विशेष गरजा असलेल्या मुलांचे प्राथमिक शिक्षण : कल्याणाकडून शिक्षणाकडे – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना 'मूल कोणत्या शाळेत बसावे' या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने होते. भारतातील या शिक्षणाचा इतिहास पाहिला असता आणखी एक प्रश्न तितकाच मूलभूत असल्याचे दिसते. तो म्हणजे हे मूल शासनाच्या दृष्टीने विद्यार्थी आहे की कल्याणकारी योजनेचा लाभार्थी? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने एकोणिसाव्या शतकापासूनच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

विशेष शाळांचा कालखंड :
भारतात अपंग मुलांच्या औपचारिक शिक्षणाचा प्रारंभ प्रामुख्याने मिशनरी व धर्मादाय प्रयत्नांतून झाला. कर्णबधिर मुलांसाठीची पहिली शाळा 1880 च्या दशकात मुंबईत कॅथलिक मिशनने सुरू केली. 1887 मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे अंध मुलांसाठी शाळा काढली. 1893 मध्ये कलकत्त्यास मूकबधिर विद्यालय स्थापन झाले, तर 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. पुढे हीच शाळा दादर येथील अंधशाळा म्हणून ओळखली गेली. ज्यांना शिकवता येणार नाही असे समाज मानत होता, ती मुले शिकू शकतात हे या संस्थांनी सिद्ध केले, ही त्यांची कामगिरी मोठीच होय. मात्र या शाळा मोजक्या व प्रामुख्याने शहरांत होत्या. त्यामुळे खेड्यातील मूल या प्रयत्नांच्या कक्षेबाहेरच राहिले.

सार्जंट अहवाल व स्वातंत्र्योत्तर काळ :
1944 च्या सार्जंट अहवालाने अपंगांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असावा आणि त्याची जबाबदारी शिक्षण खात्याने घ्यावी, अशी शिफारस केली. स्वातंत्र्योत्तर काळात प्रत्यक्ष वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने झाली. विशेष शाळा स्वयंसेवी संस्थांनी चालवाव्यात व समाजकल्याण विभागाने त्यांना अनुदान द्यावे, अशी घडी बसली. कोठारी आयोगाने (1964-66) अपंगांच्या शिक्षणाकडे केवळ भूतदयेच्या दृष्टीने पाहू नये, असे प्रतिपादन करून शक्य तेथे सर्वसामान्य शाळांतील एकात्मिक शिक्षणाचा पुरस्कार केला.

एकात्मिक शिक्षणाचा प्रयोग :
1974 मध्ये केंद्र शासनाची 'अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण' ही योजना सुरू झाली. तिच्यात पुस्तके, गणवेश, प्रवास इत्यादींसाठी भत्त्यांची तरतूद होती. तथापि ही योजनाही प्रारंभी समाजकल्याण विभागाकडेच होती व 1982 मध्ये ती शिक्षण विभागाकडे आली. सार्जंट अहवालातील शिफारशीचा एक अंश प्रत्यक्षात येण्यास अडतीस वर्षे लागली. 1987 मध्ये युनिसेफच्या साहाय्याने सुरू झालेल्या पथदर्शी प्रकल्पात एका गटातील सर्व शाळा हा घटक मानून सामान्य शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. महाराष्ट्राचाही या प्रकल्पात समावेश होता. सामान्य वर्गशिक्षकाला केंद्रस्थानी आणणारा हा टप्पा म्हणून महत्त्वाचा ठरतो.

हक्काचा कालखंड :
1994 च्या सालामांका जाहीरनाम्याने समावेशक शिक्षणाची कल्पना जागतिक स्तरावर मांडली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षणाची हमी दिली आणि प्रशिक्षित मनुष्यबळ घडविण्याची जबाबदारीही शासनावर टाकली. 2001 पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये, हे धोरण स्वीकारले. शिक्षण हक्क कायद्यात (2009) वंचित गटाच्या व्याख्येत अपंग मुलांचा उल्लेख मुळात नव्हता. तो 2012 च्या दुरुस्तीने झाला. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही त्याच दुरुस्तीने मिळाला. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले व अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांना त्यात स्थान मिळाले.

शिक्षकाचा प्रश्न :
प्रवेशाचा हक्क अशा रीतीने विस्तारत गेला तरी शिकविणाऱ्याची व्यवस्था त्या गतीने झाली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी अंतरिम स्वरूपाचे निर्देश दिले आणि 2022 मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात समाविष्ट केले. तरीही मार्च 2025 मध्ये विशेष शिक्षकांची पदे मंजूर करून अधिसूचित करण्याचे निर्देश न्यायालयास राज्यांना द्यावे लागले. एकात्मिक शिक्षण योजनेला तोपर्यंत पन्नास वर्षे उलटून गेली होती. भत्ता, उपकरणे, शिष्यवृत्ती या गोष्टी योजनेतून देता येतात. शिक्षक मात्र कायम पदावर नेमावा लागतो. मुलाला लाभार्थी मानणाऱ्या व्यवस्थेत पहिली गोष्ट सुलभ झाली व दुसरी मागे पडली, असे या इतिहासावरून म्हणता येते.

समारोप :
धर्मादायातून कल्याणाकडे व कल्याणातून हक्काकडे अशी ही वाटचाल आहे. विशेष शाळांनी जमा केलेला अनुभव व सामान्य शाळांची व्याप्ती यांची सांगड घातल्याशिवाय ती पूर्णत्वास जाणार नाही. हजेरीपटावर नाव असणे म्हणजे शिकणे नव्हे. पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलाला ब्रेल, खुणांची भाषा किंवा सावकाश वाचन शिकविणारी व्यक्ती त्या शाळेत आहे काय, या एका प्रश्नावर यापुढील प्रत्येक धोरणाचे मूल्यमापन व्हावयास हवे. अध्यापक घडविणाऱ्या महाविद्यालयांनाही या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.